वरून प्यायलेलं पाणी

"मॅडम, माका तो दिसतलो काय?"

"नाही. तुमच्यासमोर नुसता पडदा असेल. त्यांना दिसेल ती तुमची सावली."

"आणि तेका कळतला, मी कोण ता?"

"कळू नये म्हणूनच तर हा सगळा खटाटोप चाललाय, कुबल. बसा तुम्ही."

कुबल बसला, पण खुर्चीच्या कडेवर. अंगाने दणकट, उन्हाने रापलेला पस्तिशीचा माणूस, आणि बसला होता मात्र डॉक्टरकडे इंजेक्शन घ्यायला आल्यासारखा. मी त्याच्या मागचा दिवा पुन्हा एकदा तपासला. मघाशी तपासला होताच. बंद कुलूप दोनदा ओढून पाहणारी बाई म्हणून माझ्या घरी माझी थट्टा होते, आणि ती खोटी नाही.

मी तेव्हा घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी न्यायदंडाधिकारी होते. गावाचं नाव सांगत नाही, आणि पडद्याच्या पलीकडचा देश कोणता तेही सांगत नाही. तसं तेव्हा लिहून दिलंय, आणि मी निवृत्त झाले म्हणून दिलेला शब्द काही निवृत्त होत नाही. कुबल हे आडनावही माझ्याच पदरचं. एवढंच सांगते की तो देश उत्तर युरोपातला, थंडीचा होता आणि तिथल्या कोर्टात एका जहाजमालकावर खटला चालू होता. त्याच्या जहाजांत वर खताची पोती असत आणि खाली बंदुका, स्फोटकं. ती कोणाच्या हाती जायची आणि कुठल्या बाजारात, कुठल्या स्टेशनात फुटायची, हे अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून शोधून काढलं होतं. मालकाचा हात मात्र कुठेच दिसत नव्हता. तो कायम दोन माणसांच्या आड उभा असायचा.

एकदाच तो आड राहिला नव्हता. जोमार नावाचा एक फिलिपिनो स्वयंपाकी कुठल्याशा बंदरात पोलिसांशी बोलला, असा त्याला संशय आला. मालक स्वतः जहाजावर आला, त्याने सगळ्या खलाशांना डेकवर रांगेत उभं केलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत जोमारला भर समुद्रात ढकलायला लावलं. सगळ्यांनी पाहावं आणि पुढे कोणी तोंड उघडू नये, म्हणून. त्यातल्या चौघांनी शेवटी तोंड उघडायचं ठरवलं. जोमारच्या खोलीत झोपणारा कुबल हा त्या चौघांतला एक.

खरं तर पाच होते. पाचव्याचं नाव कसं कोण जाणे फुटलं, आणि आठवड्याच्या आत त्याच्या भावाच्या घराला आग लागली. भाऊ आत होता.

म्हणून हा पडदा. चौघं आपापल्या देशात कुठल्या तरी कोर्टात बसून एकाच दिवशी, एकामागून एक साक्ष देणार होते. त्यांना नावं नाहीत, फक्त आकडे, आमचा पहिला. सावली दाखवावी लागत होती ती त्यांच्या कायद्यामुळे. साक्षीदार एकटा आहे, कागद बघून वाचत नाही, कोणी त्याला खुणा करत नाही, एवढं तरी न्यायाधीशाला दिसलं पाहिजे, असं ते म्हणत. आवाज त्याचा जाणारच नव्हता. तो मराठीत बोलणार, मी ते इंग्रजीत सांगणार, माझा आवाज यंत्रातून बदलून जाणार आणि आरोपीच्या कानात पडणार ती त्यांच्या भाषेतल्या दुभाष्याची वाणी. साक्षीदार मराठीत बोलतो आणि न्यायाधीश ते इंग्रजीत लिहवून घेतो, हे आमच्याकडे रोजचंच, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. साक्षीदार कुठल्या देशातला, हेसुद्धा आरोपीला कळायचं नव्हतं. जहाजावर नाना देशांचे खलाशी होते, आणि भारतातला एकच होता. भारत म्हटलं की कुबल, आणि कुबल म्हटलं की त्याचं घर.

घर मालकाला माहीत होतं.

"मीच दाखयलंय," कुबल मला आदल्या दिवशी म्हणाला होता. "नवीन बांधला होता. खाडीक लागून, फुडे माड. मोबाइलवर फोटो होतो. तो जहाजावर इलो होतो तेव्हा माका म्हणालो, घर बरा आसा, खय आसा? माका बरा वाटला. गावाचा नाव सांगलंय, वाडीचा सांगलंय."

त्या घरात त्याची बायको होती, सहा वर्षांची मुलगी होती आणि आई होती. कुबल मुंबईला कंपनीच्या कामाला गेलाय, एवढंच त्यांना माहीत होतं.

त्यामुळे ती खोली मी अशी धुऊनपुसून काढली होती की ती पृथ्वीवर कुठेही असावी. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तसबिरी काढल्या. छताचा पंखा कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून कॅमेरा खाली घेतला. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. भोंगा माझ्या माइकमधून ऐकू जाईल म्हणून खिडक्यांना गाद्या लावल्या. पडदा आमच्या मुजावर शिपायांनी आणला.

"बाईसाहेब, मंडपवाल्याचा हाय," ते म्हणाले. "लग्नातला हाय, पर धुतलेला. डाग न्हाई एक."

मी तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. डाग नव्हता. कुठे काही राहिलं नव्हतं, याची मला खात्री होती.

* * *

मुंबईहून आलेले पोलीस अधिकारी सोनवलकर दाराशी उभे राहिले. मी पडद्याच्या अलीकडे माइकपाशी बसले, समोर छोटा स्क्रीन. कुबल माझ्या उजव्या हाताला, पडद्याआड. त्याला मी दिसत होते. मला तो आणि त्याची सावली दोन्ही.

स्क्रीनवर त्यांचं कोर्ट आलं. उंच खिडक्या, बाहेर बर्फ. तिथे सकाळ होती, आमच्याकडे दुपार. मधोमध मुख्य न्यायाधीश, साठीची बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. डावीकडे सरकारी वकील कारिन. दोन वर्षं आमचा दोघींचा नुसता कागदी परिचय होता. तिची विनंती तिच्या मंत्रालयातून आमच्या मंत्रालयात, तिथून दुसऱ्या खात्यात, तिथून उच्च न्यायालयात, मग जिल्ह्याला आणि मग माझ्या टेबलावर आली. मधे ती एकदा चुकीच्या जिल्ह्यातही जाऊन आली. त्या दोन वर्षांत कुबलने बोटीवर जायचं सोडलं होतं आणि कारिनच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं.

उजवीकडे काचेच्या कठड्यात तो होता. मी मनात काहीतरी भयंकर चेहरा धरून बसले होते. निघाला आपला बँकेच्या मॅनेजरसारखा. नीट भांग, राखाडी स्वेटर, कंटाळलेले डोळे. समोर पाण्याचा पेला. सावलीकडे त्याने एकदा पाहिलं आणि मग नखं बघत बसला.

साक्ष सुरू झाली. आधी सरतपासणी, म्हणजे कारिनचे प्रश्न. कुबलचा आवाज सुरुवातीला फुटेचना. मी म्हटलं, "सावकाश. मला सांगा, त्यांना नाही." मग तो बोलायला लागला.

"सगळ्यांका वर बोलयल्यान. रांगेत उभे केल्यान. जोमार मधी होतो. तेचे हात मागे बांधलेले."

मी ते इंग्रजीत सांगितलं.

"मालक काय म्हणाले?"

"म्हणालो, बघा. डोळे मिटू नका. जो डोळे मिटतलो तेका पण ढकलतलंय."

"मग?"

पडद्यावरची सावली वाकली. "जोमारान माझ्याकडे बघल्यान," तो म्हणाला. "मी डोळे मिटूक नाय. भियान मिटूक नाय." आणि मग एकदम, "मॅडम, ह्या सांगू नका. माझ्याकडे बघल्यान ता."

मी ते सांगितलं नाही. 'त्याने रांगेकडे पाहिलं' असं सांगितलं. रांगेत कुबल होताच, तेव्हा खोटं काही नव्हतं.

सरतपासणी संपली. बचावाचा वकील उठायला थोडा अवकाश होता, कागद चाळत होता. कुबलचा घसा कोरडा पडला असणार. त्याच्याजवळ स्टुलावर पाण्याची बाटली ठेवली होती, मीच ठेवायला सांगितली होती, लेबल काढून. त्याने बाटली उचलली, मान मागे टाकली, बाटली तोंडापासून वीतभर वर धरली आणि पाणी ओतलं.

हात थरथरत होता. अर्धं पाणी हनुवटीवर, गळ्यावर, शर्टावर. त्याला ठसका लागला. पडद्यावरची सावली खोकत खोकत पुढे आली.

मला त्यात काहीच वाटलं नाही. खरंच सांगते, काही म्हणजे काही नाही. माझे वडील असंच पाणी प्यायचे, मी अशीच पिते. चारचौघांत बाटली फिरते तेव्हा ती उष्टी करायची नाही, हे आम्हाला कोणी शिकवलेलंही आठवत नाही. मनात आलं ते एवढंच, की बिचाऱ्याला पेला द्यायला हवा होता.

मग स्क्रीनवर नजर गेली.

त्या माणसाने मान वर केली होती. डोळ्यांतला कंटाळा गेला होता. तो सावलीकडे बघत होता, असा, की बाजारात लांबून ओळखीचा माणूस दिसल्यावर आपण बघतो. त्याने समोरचा पेला उचलला. प्यायला नाही. तोंडापासून थोडा वर धरला, बघितला आणि खाली ठेवला. मग हसला, आणि चिठ्ठी लिहून काचेच्या फटीतून वकिलाकडे सरकवली.

मी वळून पडद्यावरच्या सावलीकडे पाहिलं.

वकिलाने चिठ्ठी वाचली, हातातले कागद बाजूला ठेवले आणि उभा राहिला. त्याचं बोलणं मला दुभाष्याकडून आलं: "साक्षीदार आत्ता पाणी कसं प्यायला, ते त्याने पुन्हा करून दाखवावं, अशी माझी विनंती आहे."

कारिन गोंधळून उठली. "याचा खटल्याशी संबंध काय?"

"माझ्या अशिलाला साक्षीदार कुठला आहे याची कल्पना आली आहे. म्हणजे तो विश्वासार्ह आहे की नाही, हे आम्हाला तपासता येईल."

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "विनंती नामंजूर. साक्षीदाराची ओळख संरक्षित आहे. उलटतपासणी घटनेपुरती करा."

त्याने ती केली, थोडक्यात आटोपती. त्याला घाई नव्हती. त्याला हवं ते मिळालं होतं. मग सुट्टी जाहीर झाली आणि स्क्रीन काळा झाला.

* * *

"पाणी सांडला, मॅडम," कुबल म्हणाला. तो खाली बसून रुमालाने फरशी पुसत होता. "जल्माक कधी असा झाला नाय. हात आवरेनात. माफ करा."

"असू दे. उठा."

"वकील काय म्हणालो? पाण्याचा काय तरी?"

सोनवलकरांनी दारातून मला नको नको अशी मान हलवली. कुबलने आमच्या दोघांकडे पाहिलं. तो काही दूधखुळा नव्हता.

"एकदा तेणी आपली बाटली माका दिल्यान," तो हळूच म्हणाला. "डेकवर. उन्हाचा काम होता. मी वरसून प्यालंय. तो हसलो. म्हणालो, तुझ्या देशात बाटलेक ओठ लावूक भितत काय." तो उभा राहिला, ओला रुमाल मुठीत. "तेणी माका वळाखल्यान काय, मॅडम? खरा सांगा."

"मला माहीत नाही, कुबल."

"माका फोन देवा. बायको आणि चेडू म्हायेराक जाऊ देत. आवस चलाची नाय, पण तिका उचलून..."

"फोन आत्ता देता येणार नाही," सोनवलकर म्हणाले. "चौथी साक्ष होईपर्यंत तुम्हाला पुन्हा बोलावू शकतात. तोवर कोणाशी बोलायचं नाही."

"माजा घर आसा थय, साहेब!"

"गावात आपली माणसं पाठवतो मी."

"किती दिस ठेवशात?"

मुजावर त्याला माझ्या चेंबरमध्ये बसवायला घेऊन गेले. जाताना त्याने स्टुलावरची बाटली उलटी करून ठेवली, पुन्हा तिच्याकडे बघायला लागू नये अशी.

मी सोनवलकरांना म्हटलं, "कारिनशी बोलायचंय. आत्ताच्या आत्ता."

"पत्र तयार करून वर पाठवावं लागेल, मॅडम. तसं थेट..."

"पत्राला दोन वर्षं लागतात. मला अर्धा तास आहे. फोन लावा."

त्यांनी लावला. एवढ्याबद्दल मी त्यांना अजून मानते. व्हिडिओवर कारिन आली, कॉफी हातात, मागे जिना.

"काय झालं ते मला कळलंच नाही," ती म्हणाली. "पाण्याचं काय?"

"तो पाणी वरून प्यायला."

"म्हणजे?"

"ओठ न लावता. आमच्याकडे तसं पितात."

"सगळे?"

"सगळे नाही, पण पुष्कळ. तुमच्याकडे कोणी पितं का?"

तिने विचार केला. "नाही. कोणी का प्यावं तसं? सांडेल की."

"म्हणूनच. आरोपीने त्याला जहाजावर तसं पिताना पाहिलंय. आणि तिथे तसा पिणारा एकच होता."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला त्या छोट्या स्क्रीनवरही दिसला. दोन वर्षं आम्ही दोघींनी काय काय झाकलं होतं! आडनाव, आवाज, देश, पंखा, कॅलेंडर. मला ते दिसलं नाही कारण त्यात मला वेगळं काही दिसणंच शक्य नव्हतं, आणि तिला दिसलं नाही कारण असं काही असतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

"करून दाखवा," ती एकाएकी म्हणाली.

"काय?"

"पाणी. पिऊन दाखवा."

मला राग आला. घरं जळायची वेळ आली आणि हिला गंमत सुचतेय. पण मी बाटली घेतली, मान मागे केली आणि वरून दोन घोट प्यायले.

"परत. सावकाश. हनुवटी किती वर? हात कुठे?"

मी पुन्हा केलं. ती डोळे बारीक करून बघत होती.

"पण तुमचं सांडत नाही. त्याचं सांडलं होतं ना?"

"घाबरला होता. हात थरथरत होते."

"आणि खोकला."

"ठसका लागला."

"बरोबर. पाणी बरंच सांडलं आणि खोकला," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "मॅडम, दुसऱ्या साक्षीला किती वेळ आहे?"

"ते तुमच्या कोर्टाला विचारा! मी विचारतेय, त्याच्या घरच्यांचं काय?"

"मला फोन करायचे आहेत," ती म्हणाली आणि कॉफी जिन्याच्या कठड्यावर ठेवून गेली. स्क्रीनवर नुसता जिना राहिला. मग तोही गेला.

मी सोनवलकरांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. "ह्या गोऱ्या लोकांचं डोकं आपल्याला कळत नाही," ते म्हणाले, आणि गावात माणसं पाठवायला बाहेर गेले.

* * *

आमचं कनेक्शन दिवसअखेरपर्यंत चालू ठेवायचा हुकूम होता. आमचा आवाज आणि कॅमेरा बंद, पण तिथलं सगळं मला दिसत होतं. मी एकटीच बसले होते. मुजावर मधेच चहा ठेवून गेले. तो तसाच साय धरून बसला.

"काय करतोय कुबल?" मी त्यांना विचारलं.

"बसलाय. बोलत न्हाई. पानी दिलं तर घेत न्हाई, बाईसाहेब. म्हनतो, नको."

दुसरा साक्षीदार आला. दुसऱ्या कुठल्या देशातली खोली, तसाच पडदा, तशीच सावली. हा जरा रुंद खांद्यांचा. आरोपीने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. त्याला या तिघांत रस नव्हता. त्याचं काम झालं होतं. तो अधूनमधून घड्याळाकडे बघायचा, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज रात्री तो तुरुंगातून कोणाला तरी एक वाक्य सांगेल. खाडीला लागून, पुढे माड.

सावली सांगत होती: रांग, बांधलेले हात, डोळे मिटू नका. कुबलने सांगितलं होतं तेच. सरतपासणी संपली. वकील कागद चाळायला लागला.

सावलीने हात लांब केला. बाटली उचलली. मान मागे टाकली, बाटली वीतभर वर धरली, आणि ओतलं.

मी खुर्चीतून उठले.

पाणी सगळीकडे गेलं. नाकात गेलं असावं. सावली खोकत पुढे वाकली, एका हाताने छाती पुसू लागली. हे पाणी पिणं नव्हतं, हा जन्मात पहिल्यांदा केलेला प्रयोग होता, आणि तरी पडद्यावर ते हुबेहूब कुबलसारखं दिसत होतं. कुबल घाबरून सांडत होता आणि हा येत नाही म्हणून सांडत होता. सावलीत दोन्ही सारखीच दिसत होती.

आरोपीने झटकन मान वर केली.

मी त्याच्याकडे बघितलं नाही, मी कारिनकडे बघितलं. ती खाली मान घालून काहीतरी लिहीत होती, शाळेत पहिल्या बाकावरची गुणी मुलगी लिहिते तशी.

पण एकाने भागणार नव्हतं. पहिला भारतीय आणि दुसरा योगायोग, असं त्याला अजून म्हणता येत होतं. चौघंही तसेच प्यायले, तरच त्या पिण्यावरून काही ओळखता येणार नव्हतं. आणि मला नवीच धास्ती पडली: तिसऱ्याला जमलं नाही तर? किंवा जास्तच चांगलं जमलं तर? न सांडता प्यायला, तर तोच तो भारतीय ठरेल, आणि माणसं जातील ती कुबलच्याच घरी. मी पदराचं टोक पिळत बसले होते, ते मला नंतर चुरगळलेलं दिसलं.

तिसरा बराच वेळ प्यायलाच नाही. साक्ष झाली, उलटतपासणी सुरू झाली. मी स्क्रीनसमोर मोठ्याने म्हणत होते, "पी रे बाबा, पी." माइक बंद होता ते बरं. शेवटच्या प्रश्नाच्या आधी त्याने बाटली घेतली. वरून. सांडली. खोकला. मला रडू यायला लागलं आणि हसूही, आणि दारात आलेले सोनवलकर माझ्याकडे बघतच राहिले.

"काय झालं, मॅडम?"

"बसा. बघा."

चौथी सावली लहानखुरी होती, वयस्क असावी. त्या म्हाताऱ्याने बहुतेक कारिनच्या माणसाचं सांगणं फारच मनावर घेतलं होतं. त्याने बाटली हातभर वर धरली. पाणी डोळ्यांत गेलं, कानात गेलं. तो इतका खोकला की साक्ष काही वेळ थांबवावी लागली. उंच खिडक्यांच्या त्या कोर्टात कोणी हसलं नाही. पण न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि बचावाच्या वकिलाकडे वळून म्हणाल्या:

"सकाळी तुम्ही पाणी पिण्याचं प्रात्यक्षिक मागितलं होतं. आता चौघांकडून हवंय का?"

वकील उठला. पुन्हा बसला.

मी त्या माणसाकडे पाहिलं. तो चौथ्या सावलीकडे बघत होता, मग रिकाम्या स्क्रीनकडे, मग आपल्या पेल्याकडे. त्याच्या डोळ्यांपुढे चारही सावल्या फिरत असणार, आणि चारही सांडत असणार. यांत भारतातला एक तरी आहे का, हेच आता त्याला सांगता येत नव्हतं. त्याने काचेवर बोट वाजवलं, वकिलाकडून सकाळची चिठ्ठी परत मागून घेतली आणि तिची घडी घालत बसला. लहान, अजून लहान. हसू कुठे गेलं होतं कोण जाणे.

कारिनने त्या अर्ध्या तासात तीन देशांत तीन फोन केले होते, तिच्यासारख्याच तीन सरकारी वकिलांना. त्या तिघांनी तीन कोर्टांतल्या तीन घाबरलेल्या माणसांना बाटली तोंडापासून लांब धरायला शिकवलं होतं. हे मला तिने पुढे सांगितलं. नियम कुठला, कलम कुठलं, असं मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "साक्षीदाराने पाणी कसं प्यावं याचा आमच्याकडे कायदा नाही. तुमच्याकडे आहे?" मी म्हटलं, आमच्याकडेही नाही.

"साक्षीदार क्रमांक एकला पुन्हा बोलावण्याची गरज नाही," दुभाष्याचा आवाज आला. कनेक्शन बंद झालं.

* * *

चेंबरमध्ये अजून दिवा लावला नव्हता. कुबल दुपारच्याच शर्टात बसला होता. कॉलरवर पाण्याचा डाग वाळून पांढरा झाला होता. मला बघून तो उठला. ओठ फुटले होते.

इतर साक्षीदारांबद्दल मी त्याला काही सांगू शकत नव्हते. सोनवलकर माझ्या मागेच उभे होते. मी टेबलावरची माझी पाण्याची बाटली उचलली आणि त्याच्यापुढे धरली.

"कुबल, पाणी घ्या."

त्याने मान हलवली. "नको, मॅडम."

"घ्या. दुपारपासून प्यायला नाहीत."

त्याने दोन्ही हातांनी बाटली घेतली आणि तसाच उभा राहिला. मग मला विचारलं, अगदी हळू, "तोंड लावून पिऊ?"

"नाही," मी म्हटलं. "नेहमीसारखं प्या. तुमच्या घरात पिता तसं."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं मला माहीत नाही, पण मी ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. त्याने डोळे मिटले, मान मागे टाकली, बाटली वर धरली, आणि सगळी बाटली संपेपर्यंत पीत राहिला.

एक थेंब सांडला नाही.